राज्यशास्त्र कशासाठी शिकावयाचे?

तळेगाव दाभाड्याहून निघून इंद्रायणी ओलांडली की आंबी लागते. तिच्या शिवारात आज अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे आणि जवळच औद्योगिक वसाहत. यंत्र कसे चालते हे शिकावयास दूरदूरची मुले येथे येतात. राज्य कसे चालते हे शिकावयास निघालेल्या मुलाला मात्र घरचे लोकच विचारतात, "याचा पुढे उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही ज्यांच्या चरित्रात शोधणार आहोत, त्या डॉ. आंबेडकरांचा बंगला तळेगावातच आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याच्या पहिल्या पिढ्यांनी राज्यविचार शिकला तो मुख्यत्वे इंग्लंडच्या इतिहासातून. ते शिक्षण वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. सरकारला खर्चाचा जाब विचारता येतो, हे त्यातूनच उमगले आणि १९०२ साली गोखल्यांनी कलकत्त्याच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर तो विचारलाही. परंतु गावच्या चावडीत कोणी बसावयाचे आणि कोणी बाहेर उभे राहावयाचे, हाही राज्याचाच प्रश्न आहे, हे त्या पुस्तकांत कोठून असणार?

भीमराव आंबेडकर १९१२ साली मुंबईत बी. ए. झाले आणि पुढच्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, तेथील राज्यशास्त्र विद्याशाखेत दाखल झाले. त्यांच्या प्रबंधाचा विषय वरवर रुक्ष होता: ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्था. पैसा गोळा कोणी करावयाचा, खर्च कोणी करावयाचा आणि हिशेब कोणाला द्यावयाचा, हे त्याचे मर्म. त्याच विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. तिजोरी आणि जात हे दोन्ही विषय एकाच विद्यार्थ्याच्या टेबलावर आले, ही आमच्या मते या शास्त्राच्या इतिहासातील मोठी गोष्ट होय.

त्या अभ्यासाची कसोटी पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलात लागली. १९२७ साली ते तेथे सरकारनियुक्त सभासद झाले. १९२८ साली त्यांनी महार वतनासंबंधी विधेयक मांडले. १९३२ साली ग्रामपंचायतींचे विधेयक आले तेव्हा पंचायत म्हणजे आपली जुनी, पवित्र संस्था, असा सूर पुष्कळांचा होता. आंबेडकरांनी विरोध केला. नुसत्या मतांवर निवडलेली पंचायत गावातील बहुसंख्यांचीच होणार, आणि न्यायदानही तिच्याच हाती दिले तर अस्पृश्याने दाद कोठे मागावयाची? राखीव जागा द्या, असे त्यांचे म्हणणे. संस्थेचे नाव न पाहता तिच्यात सत्ता कोणाच्या हाती जाते ते पाहावयाचे, ही राज्यशास्त्राची रीत त्यांनी मावळ-कोकणातल्या खेड्याला लावली, आणि ती अनेकांना झोंबली.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना परिषदेतही त्यांनी खेड्यांविषयी कठोर शब्द काढले. सभासद दुखावले. पण त्याच महिन्यात के. संतानम् यांनी पंचायतींसंबंधी दुरुस्ती सुचविली, ती आंबेडकरांनी स्वीकारली. तेच आजचे चाळिसावे कलम. ज्याला केवळ राग व्यक्त करावयाचा असतो तो असे करीत नाही.

पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आली. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश राखीव जागा घटनेनेच दिल्या. सरपंचपदांनाही हे तत्त्व लागू झाले. ग्रामसभेलाही घटनेत स्थान मिळाले. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे पंचायतीचा वार्षिक जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. आंबीच्या ग्रामसभेत ती वही उघडते तेव्हा राज्यशास्त्र शिकलेल्या मुलीने विचारावयाचे प्रश्न तेच असतात: पैसा आला कोठून, कोणाच्या वस्तीवर खर्च झाला, आणि ठराव झाला त्या दिवशी सभेत कोण कोण हजर होते.