नांगऱ्या जॉन आणि एक फार्दिंग

एकोणिसाव्या शतकांतील लंडनचे विख्यात धर्मोपदेशक चार्ल्स स्पर्जन यांचें नांव आपणांपैकीं कित्येकांनीं ऐकलें असेल. १८६१ सालीं त्यांच्यासाठीं उघडलेल्या मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल या प्रार्थनामंदिरांत पांच हजारांहून अधिक माणसें जमत, आणि त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोंचे. ध्वनिक्षेपकापुढें बसून हलक्या स्वरांत बोलणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांचा हेवाच वाटावा! परंतु आज त्यांच्या व्यासपीठाविषयीं नव्हे, नांगराविषयीं बोलावयाचें आहे.

१८६५ सालीं स्पर्जन यांनीं एक मासिक काढलें. त्यांत 'नांगऱ्या जॉन' या टोपणनांवानें लहान लहान लेख येऊं लागले व १८६९ च्या सुमारास त्यांचें पुस्तक झालें. आळस, चहाड्या, घर, धीर, खर्च, कर्ज हे त्यांतले विषय. भाषा शेतावरची, म्हणींनीं भरलेली, विनोदाला न लाजणारी. प्रवचनाच्या वाटेला न जाणारा मनुष्यहि तें पुस्तक हातीं घेई.

नांगऱ्या कल्पित खरा; पण एसेक्स परगण्यांत जन्मलेल्या स्पर्जन यांचें बालपण कांहीं काळ स्टँबर्न या खेड्यांत, धर्मोपदेशक आजोबांच्या घरीं गेलें होतें. शेतकऱ्यांची बोली त्यांना उसनी आणावी लागली नाहीं.

कर्जावरील लेखांत त्यांनीं स्वतःच्या लहानपणची एक गोष्ट सांगितली आहे. पाटीवर लिहिण्याची लेखण हरवली. पुन्हा मागावी तर बोलणीं बसणार. जवळ पैसा नाहीं. गांवांतील एका म्हातारीच्या दुकानीं मुलांना उधार मिळे. नाताळ जवळ आला आहे, कोणी तरी एखादी पेनी देईलच, अशा हिशेबानें पोरानें एका फार्दिंगची, म्हणजे पाव पेनीची लेखण उधार घेतली. मनाला मात्र चैन पडेना. वडिलांना हें कळलें तेव्हां त्यांनीं त्याला खडसावलें, आणि पळून गेलेल्या शिपायाला छावणींत न्यावें तसें भर रस्त्यानें रडत रडत दुकानापर्यंत चालविलें. फार्दिंग फिटला, धडा जन्मभर राहिला. पुढें सुमारें एकतीस हजार पौंडांचें तें प्रार्थनामंदिर उघडलें, तेव्हां त्यावर एका पैचेंहि कर्ज नव्हतें!

हा उपदेश केवळ तोंडचा नव्हता, हें उघड आहे. तरीहि इतिहासाच्या अभ्यासकाला येथें थोडें थांबावें लागतें. स्पर्जन १८३४ सालीं जन्मले. त्याच वर्षीं डॉर्सेट परगण्यांतील टॉलपडल गांवच्या सहा शेतमजुरांना, संघ करून गुप्त शपथ घेतली म्हणून, सात वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आठवड्याला सात शिलिंग मजुरी, आणि तीहि घटण्याच्या बेतांत! अशा घरांत आजारपण आलें तर बनियाच्या वहींत नांव चढणें हा स्वभावाचा दोष कसा म्हणावा? नांगऱ्या जॉन काटकसर उत्तम शिकवितो. मजुरी ठरविणाऱ्या जमीनदाराशीं मात्र तो क्वचितच भांडतो. मला ही त्याची उणीव वाटते.

पण स्पर्जन यांना गरिबी दिसतच नव्हती, असें म्हणणेंहि न्यायाचें होणार नाहीं. लंडनमधील स्टॉकवेल येथें १८६७ सालीं त्यांनीं पितृहीन मुलांसाठीं अनाथाश्रम स्थापिला, आणि पुढें मुलींनाहि तेथें आसरा मिळाला.