लघवीची गोळी आणि हृदयाचा ठेका

‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती कमी होते, मीठ व पाणी शरीरात साठते, पाय सुजतात आणि रात्री आडवे होताच धाप लागते. अशा रुग्णाला फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड ही मूत्रल औषधे दिली जातात. बोलीभाषेतील ही ‘लघवीची गोळी’ मूत्रपिंडावाटे मीठ व पाणी बाहेर टाकून धाप कमी करते.

पाण्याबरोबर पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही जाते. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी पूर्ववत होतात, त्यासाठी पोटॅशियम लागते. रक्तातील त्याची पातळी सामान्यतः ३.५ ते ५ असते. ती घसरली की जादा ठोके पडू लागतात, क्वचित प्राणघातक लयबिघाड होतो. डिगॉक्सिन घेणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. मॅग्नेशियम कमी असेल, तर पोटॅशियम देऊनही ते भरून निघत नाही.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ६,७९७ रुग्णांची माहिती तपासली गेली. पोटॅशियम घालवणारी मूत्रले घेणाऱ्यांत लयबिघाडाने होणारे मृत्यू अधिक आढळले. अर्थात, अधिक आजारी रुग्णांनाच ही औषधे अधिक दिली जातात, त्यामुळे सारा दोष गोळीचा म्हणता येत नाही. त्याच वर्षी ‘राल्स’ चाचणीत पोटॅशियम राखणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनमुळे तीव्र हृदयदौर्बल्याच्या रुग्णांतील मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. मात्र, या औषधाचा वापर वाढताच कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात पोटॅशियम वाढून रुग्णालयात दाखल होणारे वृद्ध रुग्णही वाढल्याचे २००४ मध्ये दिसून आले. पोटॅशियम फार वाढले तर नाडी मंदावते, हृदय थांबूही शकते.

आपल्याकडे शक्तीसाठी म्हणून रुग्णाला शहाळे देण्याची रीत आहे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, तसेच ‘कमी सोडियम’ मिठातही ते असते. स्पायरोनोलॅक्टोन किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असताना, विशेषतः मूत्रपिंड दुबळे असल्यास, हे दोन्ही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. उलट खारी मासळी आणि लोणचे पाणी पुन्हा साठवतात. वेदनाशामक गोळ्या मूत्रलांचा परिणाम कमी करतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात.

औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासावे. रोज सकाळी वजन नोंदवावे; तीन दिवसांत दोन किलो वाढल्यास डॉक्टरांना कळवावे. उलट्या-जुलाब झाल्यास मात्रेबाबत लगेच विचारावे. धडधड, भोवळ किंवा शुद्ध हरपणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत.

गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. तिच्यावाचून छातीत पाणी साठते. तपासणीवाचून ठेका चुकतो.