प्रथिनांचे चिन्हांकन व विघटन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग : प्रयोगशाळा ते ग्रामीण महाराष्ट्र, एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

जिवंत पेशीत प्रथिने जशी सतत तयार होत असतात, तशीच ती सतत नष्टही होत असतात. विसाव्या शतकात दीर्घकाळ संशोधकांचे लक्ष मुख्यतः प्रथिननिर्मितीवर केंद्रित होते. विघटनाची प्रक्रिया तुलनेने दुर्लक्षित राहिली. मात्र कर्करोगाच्या आकलनात या दुर्लक्षित बाजूला मोठे महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या संदर्भात या ज्ञानाचा प्रवास आणि महाराष्ट्रातील त्याच्याशी निगडित कार्य यांचा आढावा घेतला आहे.

युबिक्विटिनचा शोध

युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचे लहान प्रथिन होय. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात व १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आरोन सिएचानोव्हर, अव्राम हर्श्को व अर्विन रोझ यांनी त्याचे कार्य उलगडले. नष्ट करावयाच्या प्रथिनावर तीन प्रकारच्या विकरांच्या साहाय्याने युबिक्विटिनची साखळी जोडली जाते. ही खूण ओळखून प्रोटिएझोम नावाची पिंपाच्या आकाराची रचना त्या प्रथिनाचे तुकडे करते. कोणते प्रथिन नष्ट व्हावे याची निवड प्रामुख्याने तिसऱ्या प्रकारच्या विकरांकडे असते. या शोधासाठी तिघांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

विषाणूने केलेला दुरुपयोग

हॅराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) १६ वा प्रकार शोधला. या कार्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू पेशीचे रूपांतर कसे घडवितो, याचे एक महत्त्वाचे उत्तर १९९० मध्ये मिळाले. विषाणूचे ई-६ प्रथिन पेशीतीलच एका विकराला हाताशी धरून पी-५३ या प्रथिनावर युबिक्विटिनची खूण लावते. पी-५३ हे बिघडलेल्या पेशीचे विभाजन थांबविणारे रक्षक प्रथिन होय. इतर अनेक कर्करोगांत पी-५३ चे जनुकच बदललेले आढळते. येथे मात्र जनुक बहुधा शाबूत असते. तयार झालेले प्रथिन तेवढे नष्ट केले जाते. कोठाराचा पहारेकरी जिवंत असूनही त्याला रोज कामावर येताच हाकलून द्यावे, तसा हा प्रकार आहे.

बार्शी व उस्मानाबाद येथील कार्य

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ महिलांचा अभ्यास केला. गावांच्या ५२ समूहांची चार गटांत विभागणी करण्यात आली : एचपीव्ही चाचणी, पेशीतपासणी, ऍसिटिक आम्ल लावून केलेली दृश्य तपासणी आणि नियंत्रण गट. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीच्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर नियंत्रण गटात ६४. उर्वरित दोन पद्धतींनी मृत्यूत लक्षणीय घट आढळली नाही.

ही चाचणी विषाणूचे डीएनए शोधते, युबिक्विटिनची खूण नव्हे. तथापि पी-५३ वर आघात करणाऱ्या मूळ कारणाचाच ती वेध घेते, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. नियंत्रण गटातील महिलांना तपासणीविना ठेवणे नीतीला धरून होते काय, या प्रश्नावर पुढे तीव्र वाद झाला. त्या ६४ मृत्यूंचा उल्लेख केवळ तुलनेचा आकडा म्हणून करणे उचित ठरणार नाही. मुंबईतील झोपडपट्ट्यांत झालेल्या अन्य अभ्यासात दर दोन वर्षांनी केलेल्या दृश्य तपासणीने मृत्यूचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात साध्या पद्धतीसही सातत्याची जोड मिळाल्यास ती उपयुक्त ठरते.

उपचार व प्रतिबंध

प्रोटिएझोमला रोखणाऱ्या बोर्टेझोमिब या औषधास २००३ मध्ये अमेरिकेत अस्थिमज्जेच्या कर्करोगासाठी (मल्टिपल मायलोमा) मान्यता मिळाली. थॅलिडोमाइड पेशीतील सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटते, हे २०१० मध्ये उघड झाले. त्यातून नको असलेल्या प्रथिनावर औषधाद्वारेच खूण लावण्याच्या संशोधनाला चालना मिळाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार हेच मुख्य आधार आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाल्याने प्रतिबंधाचा देशी पर्याय उपलब्ध झाला.

निष्कर्ष

सोळा तालुक्यांच्या, बहुतांश ग्रामीण व मोठी आदिवासी वस्ती असलेल्या यवतमाळ जिल्ह्यास या इतिहासाचे विशेष महत्त्व आहे. १९८९ पासून येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु रुग्णालय असणे आणि तपासणी गावातील स्त्रीपर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पेशीतील रक्षक प्रथिन कसे नष्ट होते हे प्रयोगशाळेने सांगितले; स्त्रीचे प्राण कसे वाचतात हे मराठवाड्यातील खेड्यांनी दाखविले. या दोहोंतील अंतर कमी करण्याचे दायित्व महाविद्यालयांतील विज्ञान, समाजशास्त्र व गृहअर्थशास्त्र या विभागांवरही येते.