हीटसिंकवरची भोकं कशी वाचायची?

मागच्या पोस्टवर एकाने विचारलं होतं की हौशी रेडिओच्या इतिहासावर पीएचडी करतेस, तर कागद कुठले वाचतेस? खरं सांगायचं तर सध्या मी कागदांपेक्षा ॲल्युमिनियम जास्त वाचतेय.

भाईंदर पूर्वेला एक निवृत्त हॅम काका राहतात. त्यांच्या पोटमाळ्यावर हीटसिंकचं एक खोकं आहे. हीटसिंक म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता ओढून हवेत सोडणारा, पात्यापात्यांचा धातूचा ठोकळा. त्यातला एक मी हातात घेतला, चांगला दीडेक किलोचा. त्यावर चार-चार भोकांचे दोन संच होते: दोन भोकं स्क्रूंची, दोन ट्रान्झिस्टरच्या पायांची. बाजूला एक सुटं, एकटं भोक.

चार भोकं म्हणजे टीओ-३, तो जुना चपटा धातूचा डबा. बहुधा २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर. हॅम लोक त्याचा वापर मुख्यतः पॉवर सप्लायमध्ये करत. एक साधा हिशोब करून बघा. आत २० व्होल्ट येतात, सेटला १३.८ लागतात. मधले ६.२ व्होल्ट ट्रान्झिस्टर गिळतो. करंट १० अँपिअर असेल तर ६२ वॉट नुसती उष्णता, म्हणजे सोल्डरिंगच्या दोन इस्त्र्या सतत चालू! हीटसिंक नसेल तर ट्रान्झिस्टर काही सेकंदांत जातो. शिवाय त्याचा डबा हाच कलेक्टर असल्यामुळे मध्ये अभ्रकाची चकती लागते. काकांच्या हीटसिंकवर त्या चकतीचा डाग अजून दिसतो.

याआधीच्या पिढीला ही कटकट नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचं जास्तीचं सामान ‘डिस्पोजल’ म्हणून बाजारात आलं आणि ८०७सारख्या व्हॉल्व्हवर कितीतरी ट्रान्समीटर उभे राहिले. व्हॉल्व्हचं कामच मुळी गरम राहण्याचं, काच आपली उष्णता आपणच फेकते. सिलिकॉन आलं आणि धातूचा ठोकळा शोधायची वेळ आली. आयात महाग, परवान्यांची भानगड वेगळी. मग लॅमिंग्टन रोड, चोर बाजार, कारखान्यांचं भंगार, आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे दुसऱ्या हॅमकडचं जास्तीचं. भाईंदरहून ग्रँट रोडला लोकल थेट जाते, त्यामुळे काकांची पिशवी रिकामी परत आली असं क्वचितच झालं.

आता यात इतिहासाच्या विद्यार्थ्याची अडचण काय, ते सांगते. १९३३च्या वायरलेस कायद्यानुसार बिनतारी उपकरण नुसतं जवळ ठेवायलाही परवाना लागायचा. १९३९ साली युद्ध सुरू झाल्यावर हौशी मंडळींना ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करायला सांगितलं गेलं. १९४२च्या काँग्रेस रेडिओमुळे तुम्हाला उषा मेहता माहीत असतीलच. त्याचा ट्रान्समीटर बांधणारे नरिमन प्रिंटर हे याच हौशी मंडळींतले. त्या प्रकरणाचा खटला चालला, म्हणून त्यांचं नाव कागदावर आलं. सरकारी दप्तरात परवाना, सेट, जप्ती सापडते. पण हीटसिंक? तो कुणी कुणालाही द्यावा, विचारणारं कोण? पैसेही घेत नसत. पावती नाही, नोंद नाही. कोण कुणाच्या आधाराने उभं राहिलं, हे मात्र नेमकं याच देवाणघेवाणीत आहे.

म्हणून भोकं वाचायची. ते एकटं भोक टीओ-२२० आकाराचं, बहुधा आयआरएफ५१० मॉसफेटसाठी. घरी बांधायच्या छोट्या ट्रान्समीटरमध्ये हा स्वस्त मॉसफेट सर्रास दिसतो. म्हणजे हा ठोकळा निदान दोन कामांवर होता. (सावध राहायला हवं: २एन३०५५ आजही मिळतो. भोकावरून ‘याच्या आधी नाही’ एवढंच कळतं, नेमकं साल नाही.) काका म्हणाले, त्यांना तो एका सायलेंट कीच्या घरातून मिळाला. मोर्सची की कायमची शांत झाली, म्हणून हॅम गेला की त्याला असं म्हणतात. उरलेलं सामान घरच्यांनी भंगारवाल्याला किलोवर दिलं होतं. ॲल्युमिनियमला भाव बरा येतो. त्यात लॉगबुकंही गेली, रद्दीच्या भावात.

मी काकांना म्हटलं, हा मला द्या, जपून ठेवते. ते हसले. “अगं, कपाटात ठेवून तो कुणाला थंड करणार? मीरा रोडचा एक पोरगा पॉवर सप्लाय बांधतोय, त्याला शब्द दिलाय.” सोबत जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखाही दिला. वर ताकीद: खाडीची खारी हवा आहे, पाती दर पावसाळ्यानंतर घासायची.

मी घाईघाईने फोटो काढले, पट्टी ठेवून मापं घेतली. पुढच्या रविवारी त्या मुलाने तिथेच ड्रिल लावलं. जुनी भोकं त्याच्या ट्रान्झिस्टरला जुळत नव्हती.

तुमच्या घरात असं खोकं असेल तर भंगारवाला यायच्या आत मला कळवा. वस्तू नको, फोटो चालेल. फक्त मागची बाजूही घ्या, पेन्सिलीने लिहिलेली कॉलसाइन बहुतेक तिथेच असते.