श्रमसंस्कार शिबिराची कुळकथा

श्रमसंस्कार शिबिर म्हणजे तरुणांनी घर सोडून परक्या गावात राहायचे, त्या गावाच्या गरजेचे अंगमेहनतीचे काम मजुरी न घेता करायचे आणि तिथलेच अन्न खायचे. उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला डोंगर आणि डिंभे धरण आहे. पूर्वेकडच्या लोणी-धामणीच्या पट्ट्यात मात्र पाऊस तोकडा, आणि उन्हाळा आला की पाण्याची टंचाई ठरलेली. अशा गावांत शिबिराला काम शोधावे लागत नाही. ओढा अडवायचा असतो, माळावर चर खणायचे असतात, शाळेभोवती झाडे लावायची असतात. आज ही रीत महाराष्ट्राच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे एक मूळ युरोपच्या रणभूमीवर आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

पहिले महायुद्ध संपल्यावर फ्रान्समधील व्हर्दूनच्या परिसरातली गावे धुळीला मिळाली होती. पिएर सेरेसोल हा स्वित्झर्लंडचा अभियंता युद्धाचा कट्टर विरोधक होता. 1920 मध्ये त्याने काही तरुणांना घेऊन तिथल्या एन या गावी घरे आणि रस्ते उभारायला सुरुवात केली. त्या तरुणांत जर्मनही होते. कालपर्यंत ज्यांच्या तोफांनी गाव उद्ध्वस्त केले, त्यांच्यातलेच काही जण आता तिथे राडारोडा उपसत होते. गावकऱ्यांच्या जखमा ताज्या होत्या, त्यामुळे विरोध झाला आणि काही महिन्यांतच शिबिर आवरावे लागले. पण त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही चळवळ उभी राहिली. पगार नाही, राहण्या-जेवणाची सोय तेवढी, आणि भाषणाऐवजी काम, हा तिचा शिरस्ता पडला.

15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला. त्यानंतर सेरेसोल भारतात आला आणि मोजक्या सहकाऱ्यांसह मुजफ्फरपूरच्या बाजूला विस्थापितांसाठी गावे वसवण्याच्या कामाला लागला. गांधीजींशी त्याची भेट झाली. शरीरश्रमाचा आग्रह दोघांचाही सारखाच होता.

महाराष्ट्रात तोवर या रीतीचे देशी घराणे चांगले रुजले होते. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, रस्ते झाडून काढत आणि मग कोणी दिलेली भाकरी आपल्या गाडग्यातून खात. श्रम आधी आणि घास नंतर, हा त्यांचा क्रम होता. पारनेरचे सेनापती बापट यांनीही गावसफाई हे व्रत म्हणून पाळले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत कमवा आणि शिका हे शिक्षणाचेच अंग होते, तर पुढे 1941 पासून राष्ट्र सेवा दलाने गावोगावच्या मुलामुलींना सेवेच्या कामाला जोडले.

ही दोन घराणी एकत्र आली ती आनंदवनात, आणि या कुळकथेतला सर्वांत मोलाचा टप्पा हाच आहे. बाबा आमटे वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर कुष्ठरुग्णांसह काम करत होते. 1950 च्या दशकात सर्व्हिस सिव्हिलचे निरनिराळ्या देशांतले तरुण तिथे येऊन राहिले, त्यांनी रुग्णांच्या बरोबरीने विटा-माती वाहिली आणि दवाखान्यासाठी इमारती बांधल्या. त्या काळी कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत. परदेशी मुले तिथेच पिकलेली भाजी निर्धास्त खातात हे पाहून वरोऱ्याच्या लोकांची भीड चेपली. मदतीला आलेल्यांना आनंदवनाने काय दिले, हेही पाहिले पाहिजे. ज्यांना जगाने बाद ठरवले होते, त्यांच्याच हाताखाली ही मुले काम शिकली. उपकार करायला आलेला माणूस ऋणी होऊन परततो, हा शिबिराचा खरा संस्कार आहे. 1967 पासून चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबांनी भरवलेल्या श्रमसंस्कार छावणीत तो हजारो मराठी तरुणांवर झाला. पुढे सामाजिक कामात आयुष्य घालवणारे कितीतरी कार्यकर्ते या छावणीतून घडले.

याच सुमारास सरकारी पातळीवरही हालचाल चालू होती. 1959 मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने विद्यार्थ्यांसाठी सक्तीच्या राष्ट्रीय सेवेची शिफारस केली. ती खर्चामुळे बाजूला पडली. इतर देशांतल्या प्रयोगांचा अभ्यास करून के. जी. सय्यदैन यांनी ही सेवा ऐच्छिक असावी असे सुचवले. अखेर 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत 40,000 विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. कॉलेजच्या बोलीत ती ‘एनएसएस’. वर्षाला 120 तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर, हा तिचा साचा.

मुक्काम शाळेत किंवा देवळात असतो. सकाळी प्रभातफेरी आणि श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. पाण्याच्या कामात वनराई बंधारा मुलांच्या विशेष आवडीचा, कारण त्याचे फळ डोळ्यांदेखत दिसते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती किंवा वाळू भरून तोंडे शिवतात. ओढ्याच्या पात्रातला पालापाचोळा काढून गोण्यांचे थर आडवे रचतात. वरच्या थरातली गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर आली पाहिजे, नाहीतर पाणी फट शोधतेच. दोन रांगांमध्ये चिकणमाती ठासतात. पावसाळा सरता सरता, ओढा वाहता असतानाच हे काम करावे लागते. उशीर झाला की अडवायला पाणीच उरत नाही. काम कसे चालले आहे ते बघायला आलेले गावातले म्हातारे गोणी कशी बसवायची ते दाखवतात. बहुतेक मुलांचे खरे गुरू तेच ठरतात. काही गावांत एका वेळचे जेवण घरोघरी वाटून दिले जाते, आणि ज्यांच्या घरी स्वतःलाच पाणी पुरत नाही, त्यांच्या हातचा तांब्या मुलांच्या पुढ्यात येतो.

पुढे पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावांमधल्या जलसंधारणाच्या स्पर्धेने हीच रीत कॉलेजबाहेर नेली. 2016 साली तीन तालुक्यांत सुरू झालेली ही स्पर्धा 2018 मध्ये 75 तालुक्यांत पोहोचली आणि त्या वर्षीच्या 1 मे रोजी शहरांतले लोक ‘जलमित्र’ म्हणून गावोगावच्या महाश्रमदानाला गेले. 2019 नंतर ती स्पर्धा थांबली. कॉलेजांची निवासी शिबिरे मात्र अजूनही दरवर्षी भरतात.