वाडा आणि वरचे दहा रुपये

पुण्याचा शनिवारवाडा पाहायला आम्ही घाटकोपरचे चौघे मित्र गेलो. एकजण लंडनचा बकिंगहॅम राजवाडा पाहून आलेला. दिल्ली दरवाजातून आत शिरताच म्हणाला, "अरे, पण वाडा कुठाय?" समोर नुसती जोती!

पहिल्या बाजीरावाने १७३० साली पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत केली. खर्च रुपये १६,११० फक्त. माझ्यातला बँकेचा कारकून खडबडून जागा झाला. एवढ्यात आज घाटकोपरला मोरीची फरशीसुद्धा बदलून होत नाही!

१८१७ साली वाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. १८२८ च्या आगीत लाकडी महाल जळाले. दगडी तट उरला. राज्य गेलं, वाडा गेला. पण हिशेबातले ते शेवटचे दहा रुपये अजून कोणी गाळलेले नाहीत!