भिंतीवर न चढलेले पोस्टर: चिंता, ताण आणि १९४० चे लंडन

१/ 'कीप काम अँड कॅरी ऑन', म्हणजे शांत राहा आणि काम सुरू ठेवा. लाल रंगावर राजमुकुट आणि हे पाच शब्द आज चहाच्या मगांवर, टी-शर्टांवर, अभ्यासिकांच्या भिंतींवर दिसतात. युद्धकाळात ब्रिटिश जनतेने याच वाक्याच्या आधारे धीर धरला, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. #इतिहास #थ्रेड

२/ १९३९ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश सरकारने या पोस्टरच्या २४ लाखांहून अधिक प्रती छापल्या. मोठे हवाई हल्ले झाल्यावर त्या लावायच्या, असे ठरले होते. प्रत्यक्षात बहुतेक प्रती गोदामातच राहिल्या आणि १९४० मध्ये रद्दी म्हणून त्यांचा लगदा झाला. २००० साली इंग्लंडमधील अ‍ॅल्निक गावच्या 'बार्टर बुक्स' या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एका खोक्यात एक प्रत सापडली. मगांचा इतिहास तेथून सुरू होतो.

३/ त्याच मालिकेतील दुसरे पोस्टर मात्र गावोगावी लागले. त्याचा आशय असा, की तुमचे धैर्य, तुमची प्रसन्नता आणि तुमचा निर्धार आम्हांला विजय मिळवून देईल. 'तुमचे' आणि 'आम्हांला' हे दोन शब्दच लोकांना खटकले. धीर आम्ही धरायचा आणि विजय यांचा? घाबरलेल्या माणसाला वरून केलेला उपदेश कसा टोचतो, ते यावरून दिसते.

४/ सरकारला जनतेच्या मनाची एवढी धास्ती का होती? १९३८ मध्ये मनोविकारतज्ज्ञांच्या एका गटाने आरोग्य मंत्रालयाला इशारा दिला होता. शरीराने जखमी होणाऱ्यांच्या तिप्पट माणसे मनाने कोसळतील, पहिल्या ६ महिन्यांतच ३० ते ४० लाख, असा त्यांचा अंदाज होता. पहिल्या महायुद्धातील 'शेल शॉक'चे रुग्ण या पिढीने पाहिले होते.

५/ ७ सप्टेंबर १९४० रोजी लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू झाला. पुढील ५७ रात्रींपैकी जवळजवळ प्रत्येक रात्री तो झाला. मे १९४१ पर्यंत ब्रिटनमध्ये ४० हजारांहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. पण मनोरुग्णांचा अपेक्षित लोंढा रुग्णालयांत आलाच नाही. युद्धकाळात आत्महत्यांचे प्रमाणही घटले.

६/ मग लोकांनी चिंतेचे केले काय? भुयारी रेल्वे स्थानकांचे उदाहरण घेऊ. एकदा खाली गेलेले लोक पुन्हा वर येणारच नाहीत, या भीतीने सरकारचा तेथे आश्रय देण्यास विरोध होता. लोकांनी स्वस्तातले तिकीट काढले, फलाटावर पथारी पसरली आणि ते तेथेच झोपले. अखेर सरकार नमले. झोपण्याच्या फळ्या आल्या, शौचालये आली, खाद्यपदार्थांच्या गाड्या धावू लागल्या.

७/ फलाटांवर रहिवाशांच्या समित्या स्थापन झाल्या. स्विस कॉटेज स्थानकात आश्रितांनी स्वतःचे वार्तापत्र काढले. बेथनल ग्रीन येथे भूमिगत वाचनालय सुरू झाले. आणि रात्री खाली झोपलेली माणसे सकाळी वर येऊन कामावर गेली. सरकारची भीती खोटी ठरली.

८/ आता बॅरो-इन-फर्नेस या बंदराच्या गावातील नेला लास्ट ही गृहिणी पाहा. वय ४९. युद्धापूर्वी तिची प्रकृती मानसिक ताणाने खचली होती. १९३९ मध्ये ती स्त्रियांच्या स्वयंसेवी संघटनेत दाखल झाली आणि 'मास ऑब्झर्व्हेशन' या संस्थेसाठी दैनंदिनी लिहू लागली. १९४१ मध्ये तिच्याही घराची पडझड झाली. पण घराबाहेरचे उपयोगी काम आणि रोजचे लेखन तिने सोडले नाही. ती दैनंदिनी १९६६ पर्यंत चालली.

९/ लहान मुलांबाबत अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेडच्या युद्धकालीन शिशुगृहांत जे पाहिले, ते आजही विचार करायला लावणारे आहे. आईजवळ असलेले मूल बॉम्बच्या आवाजातही बऱ्यापैकी सावरत असे. सुरक्षित गावी, पण आईपासून दूर पाठवलेले मूल अधिक खचत असे.

१०/ मात्र येथे थांबलो, तर आपणही एक नवे पोस्टरच छापू. १९४२ मध्ये 'द लान्सेट'मध्ये लंडनच्या रुग्णालयांच्या नोंदींवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बॉम्बवर्षावाच्या पहिल्या दोन महिन्यांत जठरव्रण फुटून दाखल होणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली होती. मनोरुग्णालयाच्या नोंदवहीत न आलेली चिंता पोटात उतरली होती. आणि ज्यांनी डॉक्टरचे दारच ठोठावले नाही, त्यांची नोंद कोठे होणार?

११/ म्हणजे तज्ज्ञांचा अंदाज चुकला, तशी 'ब्रिटिश माणूस डगमगलाच नाही' ही नंतरची दंतकथाही चुकीची आहे. लोक घाबरले होते. पण हाताला काम, शेजारी माणूस, झोपेची निश्चित जागा आणि मनातले उतरवायला वही, एवढे ज्यांना मिळाले त्यांना भीतीसह दिवस काढता आला. यांतील बरेचसे त्यांनी स्वतः मिळवले, काही सरकारशी भांडून.

१२/ परीक्षा, नोकरी, घरातले आजारपण यांची बॉम्बशी तुलना होऊ शकत नाही. तरीही छातीतील धडधड आणि उडालेली झोप ओळखीची आहे. अशा वेळी कोणी 'शांत राहा' म्हणाले आणि ते जमले नाही, तर स्वतःला दुबळे समजू नका. ज्यांच्यासाठी हे वाक्य छापले गेले, त्यांनाही ते कामी आले नव्हते. जवळच्या माणसाला सांगा. आणि दुखणे पोटात उतरू लागले, तर डॉक्टरांना दाखवा. (समाप्त)